बॅच नंबर शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचला पाहिजे

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचबद्दल (म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या, एकच नंबर असलेल्या मालाबद्दल) राज्यभर सावधगिरीची सूचना काढली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावत होती, त्यांतल्या काहींवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू होते, आणि तमिळनाडूतल्या कांचीपुरम भागात तयार झालेल्या या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले होते. ज्या विषाची मर्यादा ०.१ टक्का मानली जाते, ते निम्म्या बाटलीइतके होते. पुढे मृत मुलांचा आकडा २० च्या वर गेला. त्या बॅचवर उत्पादनाचा महिना मे २०२५ आणि मुदत एप्रिल २०२७ अशी होती, म्हणजे कागदोपत्री औषध अगदी ताजे होते. सील आणि लेबल व्यवस्थित असलेली अशी बाटली हातात घेतली तर ती विषारी आहे हे कोणत्याही अनुभवी फार्मासिस्टलाही डोळ्यांनी कळण्याची सोय नाही. ती ओळखण्याची एकच खूण दुकानदाराजवळ असते, ती म्हणजे लेबलच्या कोपऱ्यात छापलेला बॅच नंबर.

मी जळगावात औषधांचा घाऊक व्यापार करतो आणि आमचा माल जळगावसह धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या मेडिकल दुकानांत व दवाखान्यांत जातो. त्या आठवड्यात आम्हाला सगळीकडून एकच प्रश्न येत होता की, हे सिरप तुमच्याकडून आमच्याकडे आले होते का. आम्ही ते औषध ठेवत नव्हतो, पण ‘नव्हते’ हे उत्तरसुद्धा आठवणीवर विसंबून देता येत नाही, खरेदीच्या नोंदी तपासूनच द्यावे लागते. दसरा नुकताच झालेला, ऋतू बदलाचा, घराघरांत पोरांना सर्दी-खोकला, आणि त्यातच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊच नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत असे कळवलेले. अशा दिवसांत दुकानदाराला नेमके आणि लवकर उत्तर मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे आम्ही सर्वांनी अनुभवले.

हे विष आपल्याला नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच डायइथिलीन ग्लायकॉलने दूषित झालेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे १४ रुग्ण मरण पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रवरूप औषधात ते विद्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक लोक दगावले. तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाची माणसे विक्रेत्यांची पुस्तके उघडून, डॉक्टरांना आणि रुग्णांच्या घरच्यांना गाठून एकेक बाटली शोधत फिरली होती. आज आपण ज्याला रिकॉल, म्हणजे सदोष माल परत बोलावणे, म्हणतो त्याचे मूळ काम अजूनही तेच आहे: पुस्तक उघडायचे आणि बाटलीच्या मागे जायचे.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने रिकॉलसाठी मार्गदर्शक सूचना २०१२ मध्ये काढल्या आणि नंतर त्या सुधारल्या. त्यांत औषधातल्या दोषाचे तीन वर्ग केलेले आहेत. ज्या दोषाने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते तो पहिला वर्ग, ज्याने तात्पुरता किंवा बरा होण्यासारखा त्रास होऊ शकतो तो दुसरा, आणि ज्याने आरोग्याला धोका संभवत नाही पण औषध नियमाप्रमाणे नाही तो तिसरा. पहिल्या वर्गासाठी २४ तासांपासून जास्तीत जास्त ७२ तास, दुसऱ्यासाठी १० दिवस आणि तिसऱ्यासाठी ३० दिवस अशी मुदत आहे. माल कोणत्या पातळीपर्यंत परत बोलवायचा हेही ठरवावे लागते: घाऊक व्यापाऱ्यापर्यंत, दुकानापर्यंत की थेट रुग्णापर्यंत.

हे ७२ तास कांचीपुरम किंवा बद्दीच्या कारखान्यात बसून मोजले तर पुरेसे वाटतात, पण नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या धडगावच्या काउंटरवरून मोजले तर फार कमी आहेत. कंपनीचा मेल भिवंडीच्या सी अँड एफकडे, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटकडे येतो, तिथून स्टॉकिस्टकडे, म्हणजे आमच्यासारख्या घाऊक व्यापाऱ्याकडे, आणि स्टॉकिस्टकडून शंभर-दोनशे दुकानांकडे. मध्ये एखादी सुट्टी आली, शनिवारी संध्याकाळी आलेला मेल सोमवारी उघडला गेला, की त्यांतले दीड दिवस कोणी काही न करताच संपतात. म्हणून कंपनीच्या पत्रांसाठी आमच्याकडे वेगळा मेल आहे आणि तो सुट्टीच्या दिवशीही कोणी पाहायचा हे ठरलेले आहे. पत्र आल्यावर त्याची पोच त्याच वेळी देतो, कारण पुढे कोणीही विचारले की तुम्हाला कधी कळले, तर त्या पोचेवरची वेळ हाच एक पुरावा असतो.

पत्र आल्यावर पहिले काम माल परत मागवण्याचे नसून विक्री थांबवण्याचे असते, आणि यात फार जणांचा गोंधळ होतो. लोक आधी फोन करायला बसतात आणि तेवढ्यात आपल्याच गोडाऊनमधून त्याच बॅचचा खोका पॅकिंगच्या टेबलावर गेलेला असतो. आमच्याकडे क्रम असा आहे की, सॉफ्टवेअरमध्ये ती बॅच लॉक करायची, म्हणजे बिलात ती येणारच नाही; मग रॅकवरचा माल मोजून उचलायचा; मग पॅक होऊन गाडीत चढलेले खोके उतरवून घ्यायचे; आणि त्यानंतर बाहेर गेलेल्या मालाचा हिशेब काढायचा. उचललेला माल कुलपाच्या वेगळ्या कपाटात जातो, त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ अशी लाल चिठ्ठी लागते आणि किल्ली फार्मासिस्टकडे राहते. एक्स्पायरी-ब्रेकेजच्या पोत्यात तो कधीही टाकायचा नाही. मुदत संपलेला माल महिन्या-दोन महिन्यांनी निवांतपणे कंपनीकडे जातो, त्यात रिकॉलची बाटली मिसळली की तिचा नग हिशेबातून निघून जातो आणि ‘इतकी बाहेर गेली, इतकी परत आली’ हा ताळा कधीच जुळत नाही.

आता मुख्य मुद्दा. कोणत्या बिलावर ती बॅच गेली हे सॉफ्टवेअर काही सेकंदांत दाखवते, पण ते तेवढेच दाखवते जेवढे माल घेताना कोणीतरी त्यात भरलेले असते. माल उतरला, घाई आहे, दहा स्ट्रिपांच्या खोक्यावर एक बॅच आहे आणि आतल्या स्ट्रिपांवर दुसरी, किंवा मालासोबत आलेल्या एकाच चलनावर तीन बॅचेस आलेल्या आहेत आणि भरणाऱ्याने पहिलीच तिन्हींना लावली, तर त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. बिल निघते, पैसे येतात, माल विकला जातो. चूक उघडी पडते ती रिकॉलच्या दिवशी, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. ॲल्युमिनियमच्या स्ट्रिपवर दाबून उठवलेला बॅच नंबर वाचणे तर खरोखरच कठीण असते. इंग्रजी ‘बी’ आणि ‘८’, ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि ‘१’ यांत उजेड कमी असेल तर फरकच कळत नाही. आमच्या माल-स्वीकृतीच्या टेबलावर त्यासाठी खास दिवा आणि भिंग ठेवलेले आहे. नव्याने कामाला लागलेल्या मुलाला आम्ही स्ट्रिप दिव्याखाली तिरकी धरून आधी बोटाने नंबर चाचपायला आणि मग वाचायला शिकवतो. कंपनीच्या चलनावरून नंबर उतरवून घेण्याची परवानगी नाही. प्रत्यक्ष स्ट्रिपवर जो आहे तोच भरायचा आणि चलनाशी नंतर ताडून पाहायचा.

एवढे करूनही काही माल या नोंदींच्या बाहेर राहतो. कंपन्यांचे प्रतिनिधी (एम.आर.) डॉक्टरांना सॅम्पल देतात, ते आमच्या बिलावर कधी येतच नाही. दहावर एक फुकट अशा स्कीमच्या मालाची बॅच मुख्य मालापेक्षा वेगळी असू शकते, आणि बिलावर तिची वेगळी ओळ नसेल तर ती हरवते. खेड्यांतले अनेक डॉक्टर स्वतःच्या रुग्णांना स्वतःच औषध देतात. कायद्याने त्यांना ती मुभा आहे, पण पुडीतून गेलेल्या गोळीवर बॅच नसते. आणि खानदेशाची म्हणून एक खास अडचण आहे ती सीमेची. रावेरच्या दुकानदाराला जळगावपेक्षा बऱ्हाणपूर जवळचे, शिरपूरच्या दुकानदाराला महामार्गाने सेंधवा गाठता येते, नवापूरच्या दुकानदाराची सुरतेशी रोजची ये-जा. बिल घेऊन परवानाधारकाकडून माल आणला तर त्यात गैर काहीच नाही. पण मग त्याच औषधाच्या रिकॉलचे पत्र त्याच्याकडे आमच्या हातून येत नाही, ते पलीकडच्या राज्यातल्या व्यापाऱ्याने पाठवायचे असते, आणि तो ते पाठवीलच याची खात्री देता येत नाही. म्हणून पहिल्या वर्गाच्या रिकॉलमध्ये आम्ही केवळ ज्यांना ती बॅच विकली त्यांनाच नव्हे, तर आमच्या सगळ्या पार्ट्यांना, म्हणजे आमच्याकडून माल घेणाऱ्या सगळ्यांना कळवतो. ‘आम्ही तुम्हाला हा माल दिलेला नाही, पण दुसरीकडून आणला असेल तर रॅक तपासा,’ असे स्पष्ट लिहितो. काही व्यापारी-मित्रांचे म्हणणे असे की दुसऱ्याने विकलेल्या मालासाठी आपण कशाला धावपळ करायची. मला हे पटत नाही. आजारी मुलाच्या आईला बाटली कोणाच्या बिलावर आली याच्याशी काही देणे-घेणे नसते.

दुकानदाराच्या काउंटरवर एक साधी सवय या सगळ्या साखळीला तारते. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते. चार गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कापून देताना दुसऱ्या टोकाकडून कापायचे, म्हणजे बॅचचे टोक शेवटपर्यंत दुकानात राहते. कित्येक ठिकाणी नेमके उलटे होते आणि डब्यात बिननावाचे, बिनमुदतीचे तुकडे साठतात. रिकॉलच्या वेळी त्या तुकड्यांचे काय करायचे? माझे मत असे की संशयास्पद औषधाचा ज्याच्यावर बॅच नाही असा प्रत्येक तुकडा रिकॉलमधलाच धरावा आणि बाजूला काढावा. दोन-चार गोळ्यांचे नुकसान सोसणे परवडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाचे बिल करताना त्यावर बॅच नंबर लिहिणे हे नियमातच आहे. अनुसूची एच-१ मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या काही औषधांची वेगळी नोंदवही २०१४ पासून ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. अनेकांना ही वही तपासणीसाठीचे लचांड वाटते, पण रुग्णाच्या नावापर्यंत नेणारी ही एक खात्रीची वाट असते.

मागे एकदा डोळ्यांत टाकायच्या थेंबांची एक बॅच निर्जंतुकतेच्या कारणावरून परत बोलावली गेली आणि पत्रात रुग्णापर्यंत जायला सांगितले होते. धडगावच्या एका दुकानात त्यातल्या थोड्या बाटल्या गेल्या होत्या. फोनवर दुकानदार म्हणाला, “शेठ, तो माल माझ्याकडे नाही आता, सगळा विकला गेला.”

मी म्हटलं, “संपला ते ठीक आहे दादा, पण कोणाकोणाला गेला ते बघा. बाटली घरात उघडी पडलेली असेल.”

“बिलं तर कोणी घेत नाही इथं. थांबा, उधारीची वही बघतो.”

आणि त्या उधारीच्या वहीतच नावे निघाली, पाड्यांच्या नावांसकट. पावसाळ्याचे दिवस होते, चांदसैली घाटात दरड आल्यामुळे आमच्या माणसाला जाता येईना, तेव्हा दुकानदाराने पाड्यांवरच्या आशा सेविकांना गाठले, त्यांनी घरोघर पावरी बोलीत समजावून सांगून बाटल्या गोळा केल्या आणि दुकानात आणून दिल्या. एक बाटली मिळाली नाही, ती वापरून फेकली होती. त्या रुग्णाचे डोळे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतले, ते ठीक होते. या दुकानदाराकडे ना मोठे सॉफ्टवेअर, ना धड नेटवर्क. पण कोणाला काय दिले ते त्याने लिहून ठेवले होते, म्हणून पत्रातला ‘रुग्णापर्यंत’ हा शब्द तिथे प्रत्यक्षात आला.

उत्तर मिळवणे हा या कामातला सर्वांत चिकाटीचा भाग आहे. ज्याच्याकडे माल शिल्लक आहे तो लगेच फोन करतो, कारण त्याला पैसे परत हवे असतात. ज्याच्याकडे काहीच नाही तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे म्हणजे ‘माल नाही’ की ‘संदेश पाहिलाच नाही’ हे आपल्याला कळत नाही. सरकारी कचेऱ्यांत जसा निरंक अहवाल मागतात तसा आम्हीही दुकानदारांकडून मागतो: बॅच तपासली, शिल्लक शून्य, सही, शिक्का, तारीख. व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणांना आम्ही उत्तर मानत नाही. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांची यादी रोज संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी फोन होतो आणि तरीही उत्तर आले नाही तर सेल्समन किंवा डिलिव्हरीचा मुलगा स्वतः जाऊन रॅक पाहून येतो. शेवटी जो तक्ता कंपनीला जातो त्यात मिळालेला माल, शिल्लक माल, विकलेला, परत आलेला आणि हाती न लागलेला असे सगळे रकाने असतात. हाती न लागलेला हा रकाना लपवायचा नाही. तिथे खरा आकडा असणे हेच त्या तक्त्याचे मोल आहे.

पैशांचाही प्रश्न आहे आणि तो कमी लेखू नये. दुकानदार माल परत द्यायला कुचराई करतो त्यामागे बहुतेक वेळा आधीच्या मालाची क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाची रक्कम जमा केल्याची पावती) महिनोन्‌महिने अडकलेली असते. म्हणून रिकॉलच्या मालाची क्रेडिट नोट आम्ही कंपनीची वाट न पाहता, माल मोजून घेतला त्याच दिवशी देतो. आमचे पैसे कंपनीकडून येईपर्यंत थोडे अडकतात खरे, पण त्यानंतर कोणत्याही दुकानातून माल लपवून ठेवल्याची शंका आम्हाला आलेली नाही.

कायद्याची बाजू समजून घेतली तर घाबरण्याचे कारण उरत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार औषध निरीक्षक संशयित मालाची विक्री लेखी आदेशाने २० दिवसांपर्यंत थांबवू शकतो. नमुना घेताना तो दुकानात चार भागांत विभागला जातो आणि त्यांतला एक भाग ज्याच्याकडून घेतला त्यालाच मिळतो, तो जपून ठेवायचा असतो. शासकीय विश्लेषकाच्या अहवालाला आव्हान द्यायचे तर २८ दिवसांच्या आत कळवावे लागते. माल कोणाकडून घेतला हे सांगणे कलम १८-अ प्रमाणे बंधनकारक आहे. आणि कलम १९ मध्ये व्यापाऱ्याला संरक्षण आहे: माल परवानाधारकाकडून रीतसर घेतला असेल, रास्त काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नसेल, आणि माल घेतला तसाच, योग्य रीतीने साठवून ठेवला असेल तर. यातली शेवटची अट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारभर राहिलेल्या खोक्यातल्या गोळ्या प्रयोगशाळेत विरघळण्याच्या चाचणीला उतरल्या नाहीत, तर दोष कारखान्याचा की आपल्या शेडचा, याचे उत्तर फक्त तापमानाची रोजची नोंद देऊ शकते. ती नोंद आणि खरेदीचे बिल, या दोन कागदांवर आपला सगळा बचाव उभा असतो.

सगळे रिकॉल कंपनीच्या पत्राने कळतात असेही नाही. केंद्रीय संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जाची न आढळलेल्या औषधांची यादी बॅच नंबरांसह संकेतस्थळावर टाकते. ती वाचायला अर्धा तास लागतो आणि कित्येकदा कंपनीच्या पत्राच्या आधी तिथे आपल्या रॅकवरची बॅच दिसते. अशा वेळी पत्राची वाट पाहत विक्री चालू ठेवणे मला गैर वाटते. आम्ही ती बॅच त्याच दिवशी थांबवतो आणि कंपनीला आपणहून विचारतो. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे आणि त्यात बॅच, उत्पादक, मुदत, परवाना क्रमांक सगळे असते. माल घेताना तो कोड स्कॅन झाला तर वर सांगितलेल्या ‘बी’ आणि ‘८’ चा घोळच संपेल. पण आपल्या जिल्ह्यांत ज्या औषधांचा प्रश्न खरोखर उभा राहतो ती स्वस्त सिरपे, कमी ओळखीच्या कंपन्यांची जेनेरिक्स, या ३०० मध्ये नाहीत. हा कोड सगळ्या औषधांवर आला पाहिजे, आणि आपल्या संघटनांनी त्यासाठी शासनाकडे सतत मागणी केली पाहिजे.

उत्पादकांसाठीच्या सुधारित अनुसूची एम मध्ये, म्हणजे औषधे कशी बनवावीत याच्या नियमांत, रिकॉलच्या व्यवस्थेची परिणामकारकता वेळोवेळी तपासण्याची अपेक्षा आहे. घाऊक व्यापाऱ्यांनी आणि दुकानदारांनीही असा सराव करावा असे मी आग्रहाने सांगेन. पद्धत सोपी आहे. पूर्ण विकली गेलेली एक जुनी बॅच निवडायची, ज्याने ती भरली नाही अशा माणसाला घड्याळ लावून बसवायचे आणि तिचा प्रत्येक नग कुठे गेला ते काढायला सांगायचे. मग त्यांतली चार-पाच दुकाने निवडून त्यांच्याकडे हीच बॅच त्यांच्या खरेदीत दिसते का ते विचारायचे. आमच्या बिलावर एक नंबर आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर दुसरा, असे जिथे निघते तिथे बहुधा त्याने नंबर न भरता ‘०१’ असे काहीतरी टाकून बिल पुढे ढकललेले असते, कारण सॉफ्टवेअर तो रकाना रिकामा सोडू देत नाही. अशा दुकानांची बिले आम्ही आता कॉम्प्युटरवर थेट उतरवता येतील अशा फाइलच्या रूपात पाठवतो, म्हणजे त्यांना बॅच हाताने टाइप करावीच लागत नाही. ज्या स्टॉकिस्टांकडे ही सोय आहे त्यांनी ती आपल्या लहानातल्या लहान दुकानदारालाही चालू करून द्यावी. त्याला वेगळा खर्च येत नाही, फक्त एकदा त्याच्या दुकानात जाऊन बसावे लागते.